रुमाल टाकलेली जागा

"बाळ्या, झालं का रे? माझी बाई अजून पुलावरच उभी आहे," ताई म्हणाली.

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि डोक्यावरचे केस केव्हाच रजेवर गेले होते. अंधांच्या वाचनालयातल्या ब्रेल यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचं म्हणणं यंत्राच्या कानावर घालणारा प्रोग्रॅम, त्यानेच बावीस वर्षांपूर्वी लिहिला होता. यंत्र जाड कागदावर टिंबं उठवायचं आणि जन्मापासून दृष्टी नसलेली त्याची ताई ती बोटांनी वाचायची. हल्ली मात्र चार दिवस चाललं की ते मान टाकायचं. यावेळी तर ताईच्या कादंबरीतली बाई ऐन पुलावर असताना. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर यंत्र भंगारात, असं व्यवस्थापक बजावून गेले होते. नवं येईल तेव्हा येईल, तोवर ताईची बोटं रिकामी.

"गंमत बघ ताई, निम्मी मेमरी मोकळी आहे. तरी कर्नल म्हणतो, जागा नाही."

"कोण हा कर्नल?"

"सगळ्या प्रोग्रॅमना जागा वाटून देणारा."

"मग खोटं बोलतो मेला!"

"नाही गं. मला प्रत्येक पानाला सलग मोठी जागा लागते. हल्ली याच संगणकावर दिवसभर बोलकी पुस्तकं चालतात. ती कुठेही बसतात. जागा उरते, पण इथे एक, तिथे एक."

ताईची बोटं अर्धवट पानावर थांबली. "आपल्या त्या सिनेमासारखं."

खिडकीतलं ऊन टेबलावर सांडलं होतं. त्यात त्याला ते थिएटर दिसू लागलं. पडद्यावरचं सगळं ताईच्या कानात सांगायचं काम त्याचं. पण उशीर झाला, एकत्र खुर्च्या मिळाल्या नाहीत. ताई तीन तास परक्या माणसांत बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "छान होता." तो नऊ वर्षांचा होता. ते 'छान' त्याला अजून बोचत होतं.

"पुढच्या वेळी बाबा दार उघडताच आत घुसले," ताई हसली, "आणि दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून आले."

 बाळ्याने कपाळावर हात मारला. प्रत्येक पानाला जागा मागायची, वापरून झाली की परत करायची, असा त्याचा ड्रायव्हर. या सभ्यपणाचं तेव्हा कौतुकही झालं होतं. आता तोच नडत होता. संगणक सुरू होतानाच, सगळं मोकळं असताना, एकदा जागा धरायची आणि सोडायचीच नाही.

बारा ओळी बदलल्या, संगणक पुन्हा सुरू केला. मग त्याने वाचनालयातली सगळी बोलकी पुस्तकं एकदम लावली. खोलीभर आवाजांची कुजबुज पसरली, कुणी समुद्राचं सांगत होतं, कुणी लग्नाचं. मोकळ्या जागेचे पाहता पाहता तुकडे झाले. यंत्र मात्र टकटकत राहिलं. एक पान, दुसरं, चाळिसावं.

संध्याकाळी व्यवस्थापक आले आणि दारातच ऐकत उभे राहिले. "राहू द्या," एवढंच म्हणाले.

सगळं आवरून तो वाचनकक्षात गेला. ताई खिडकीशी बसली होती, मांडीवर शेवटची पानं. शेजारच्या खुर्चीवर तिचा घडी केलेला रुमाल होता.

"बस. तुझीच जागा आहे."

त्याने रुमाल उचलून हातात धरला आणि बसला. ताईने पानावर बोट ठेवलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"ऐक हं. बाई आता पूल उतरतेय..."