रे रोडला जाणारं जेवण

संप लांबला आणि काळाचौकीतली रखमाची खानावळ बसली. जेवणारे सगळे गिरणीतले, त्यांतले बहुतेक कोकणात गावी निघून गेले. नवरा रघु संपावर, घरात दोन पोरं. शेवटी ती रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेली आणि मुकादमाला विचारून तिथल्या हमालांना दुपारचं जेवण पोचवू लागली.

धंदा जरा उभा राहतोय तोच चाळीत कुजबुज सुरू झाली. रखमाचं जेवण म्हणे गिरणीत जातं, संप फोडून आत कामाला बसलेल्यांना.

रघु म्हणाला, "आज जाव नको गे. संपातली पोरां भडकलीत."

"मगे आपल्या पोरांका काय घालूया?" म्हणत तिने टोपली डोक्यावर घेतली.

नाक्यावर गुणाजी आडवा आला. तोही संपावरचाच, वर्षानुवर्षं तिच्याकडे जेवलेला माणूस.

"वहिनी, जेवण कुठे चाललंय?"

रखमा म्हणाली, "तूच चल. बघ."

तो मागोमाग चालू लागला. त्याच्या चपलांचा आवाज जवळ आला की तिची मान ताठ व्हायची. वखारीत हमाल भुशाने भरलेले हात धुऊन जेवायला बसले. गुणाजी बघत राहिला.

"माझी खात्री पटली," तो हळूच म्हणाला. "पण बाकीचे माझं ऐकणार नाहीत, वहिनी. जपून."

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी दगड आला. टोपली कलंडली आणि गरम आमटी तिच्या खांद्यावरून पाठीवर गेली. कोणी मारला, दिसलं नाही. खिडक्या तेवढ्या पटापट बंद झाल्या.

त्यानंतरच्या सकाळी भात शिजला, पण रखमाचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. पाठ भाजलेली होती. समोरच्या खोलीतली दमयंती आत आली. तिचा नवराही संपावरच. तिने पदर खोचला आणि भाताचं पातेलं उचललं.

"चल."

"तुला पण मारतील गं."

"माझा नवरा संपात आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. संशय तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही; माझ्यावर दगड टाकताना विचार करतील. आणि उद्यापासून अर्ध्या पोळ्या मी लाटणार. धंद्यात मला घे."

दोघी निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी चार-पाच जण उभे होते. एकाने हातातली विडी टाकली. दमयंती सरळ समोर बघत चालत होती. रखमाचा दंड तिला लागला, तर तो बर्फासारखा गार.

कोणी हात उचलला नाही. वखारीत जेवण गरम पोचलं.

परतताना मात्र दोघींनी गल्लीचं ते तोंड टाळून लांबचा रस्ता धरला.