काचबाई

"आज रडायची नाही ती. टोचा खुशाल," असं म्हणत आईने खांद्यावरची मुलगी खुर्चीत बसवली. आठ वर्षांची पोर, पण पिठाच्या पोत्यासारखी एका बाजूला कलली.

काचबाईने तिचा दंड धरला. महिन्यापूर्वी याच पोरीने अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली होती. आज सुई आत गेली तरी पापणी हलली नाही.

"फिट येतात का अजून?"

"फिट नाही येत. पण हसतही नाही हो. डॉक्टर म्हणाले, औषध रक्तात कमी उतरतंय, म्हणून बारा थेंबांचे वीस केले. तेव्हापासून नुसती पडून असते."

औषध म्हणजे गांजापासून काढलेलं तेल, आणि ते रक्तात किती उतरलं हे मोजायचं काम काचबाईचं. हे औषध प्लास्टिकला चिकटून बसतं आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून नमुना काचेच्याच नळीत ठेवायचा, हा तिचा हट्ट. त्या हट्टापायी बावीस वर्षांत तिने भांडारवाल्यापासून थेट साहेबांपर्यंत सगळ्यांशी उभा दावा मांडला आणि हे नाव कमावलं. वरवर चिडायची, पण मनातून तिला ते फार आवडायचं.

आता मात्र तिच्या काळजात चर्र झालं. गेल्या महिन्यात मशीन बंद होतं, काचेच्या नळ्या संपल्या होत्या. उद्या बदलू म्हणून याच पोरीचा नमुना तिने प्लास्टिकच्या नळीत भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि साफ विसरली. तिसऱ्या दिवशी तोच मोजला. आकडा कमी आला तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं. पण काचबाईने प्लास्टिक वापरलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने रिपोर्टवर सही ठोकली.

दुपारी नवा आकडा आला तो चौपट. रिपोर्ट घेऊन ती स्वतःच डॉक्टरांच्या खोलीत गेली. मायलेकी तिथेच बसलेल्या होत्या.

"मी थेंब दुप्पटसुद्धा केले नाहीत, मग हे चौपट कसं?" डॉक्टर आईवर उखडले. "मोजून देता की अंदाजपंचे?"

"मोजूनच देते हो." आईचा आवाज बारीक झाला. "पण हात थरथरतो माझा कधीकधी. चुकलं असेल."

डॉक्टरांनी थेंब पुन्हा बाराच लिहिले. प्रश्न मिटला होता. पोर बरी होणार होती, आणि काचबाईने नुसतं गप्प बसायचं होतं. ती दारापर्यंत पोचलीही.

"मीच केलं गं तुझं असं," आई पोरीच्या कानाशी पुटपुटली.

काचबाई तिथेच थबकली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थेंब बरोबरच होते, डॉक्टर. मागचा आकडा खोटा होता. नमुना मी प्लास्टिकमध्ये ठेवला होता, आणि मला ते ठाऊक होतं."

आईने पोरीला छातीशी ओढून घेतलं.

आठवडाभरात काचबाईला मशीनवरून काढून नोंदणीच्या खिडकीत बसवलं. नमुन्यांना हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम निघाला. नाव काही बदललं नाही. फक्त आता हाक मारताना लोक जरा चाचरायचे.

महिन्याने मायलेकी खिडकीशी आल्या. आईने मान वर न करता कागद पुढे सरकवला. काचबाईने नोंद करून, शिक्का मारून तो परत दिला.

"कशी आहे आता?" तिने हळूच विचारलं.

आईने कागदाची घडी घातली. पण खांद्यावरच्या पोरीने मान वळवली, सुई टोचणारी बाई ओळखली, आणि ती आज काचेपलीकडे अडकलीय हे बघून खुदकन हसली.

आईने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती चालू लागली. काचबाईने डोळे पुसले आणि पुढचा नंबर पुकारला.