कामापुरता किरण

ज्याने पाहिल्यावाचून रोग कळत नाही, तोच किरण देहाला थोडा बाधतोही. अशा ठिकाणी किती पाहावे हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. तो विवेकाचा होतो. मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. क्ष-किरण खोलीत, शिशाचे झगे टांगण्याच्या खुंटीमागे मी अजून भिंतीला चिकटून आहे.

कोणाच्या छातीला किती किरण द्यावे, ते माझ्यावर लिहिले आहे. ह्या खोलीचे पहिले तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी मला तीन वर्षे खपून घडवले. किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर पडे. कमी झाले की फिकट. प्रत्येक चूक त्यांनी आकड्यांत उतरवली आणि माझ्या माथ्यावर एक शब्द लिहिला : यावदर्थ. बाहेरगावचे डॉक्टरही माझी नक्कल करून नेत.

पुढे फिल्म गेली, संगणकावर फोटो उमटवणारी पाटी आली. किरण जास्त झाले तरी फोटो काळा पडेना; उलट गुळगुळीत दिसे. मग आकडे हळूहळू चढत गेले. वाईट कोणीच नव्हते. माझ्यावर झगे आले, आणि वर्षे मोजण्याचाही मला शीण झाला.

एके सकाळी निवृत्त काका सात वर्षांच्या नातीला घेऊन आले. न्यूमोनियानंतरचा तिचा हा चौथा फोटो.

"किती लावलंस, पोरी?" त्यांनी तंत्रज्ञ बाईंना विचारले.

"नेहमीचंच, काका. फोटो आरशासारखा येतो. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायची ती फिल्म. तिला तुम्ही घरी बसवलंत. माझा तक्ता कुठाय?"

झगे दूर झाले. बाईंनी माझ्यावरची धूळ पुसली. "हा यावदर्थ कोण हो? आम्हाला वाटायचं, तुमच्या आधीचे साहेब!"

"कामापुरतं, असा अर्थ आहे त्याचा."

माझे आकडे फिल्मचे. ते आता चालणार नव्हते. बाईंनी यंत्राची कधी न उघडलेली पुस्तिका काढली, नातीच्या छातीची जाडी मोजली आणि आकडा निम्म्याहून खाली आणला.

"अजून उतरव," काका म्हणाले.

"नको. फुप्फुसावरचा डाग आहे की गेला तेच दिसलं नाही, तर पुन्हा काढावा लागेल; एकाचे दोन होतील." बाईंनी माझ्या माथ्यावर बोट ठेवले. "कामापुरतं ना, काका? मग काम तर होऊ दे."

मला घडवणाऱ्यालाच माझा शब्द ऐकावा लागला.

"श्वास घे, रोखून धर... सोड."

शेजारच्या खोलीतून डॉक्टर म्हणाले, "आज फोटो जरा रवाळ आलाय."

"वाचता येतोय ना?"

"येतोय की. डाग गेलाय. सुटली पोर!"

काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. बाईंनी माझ्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने तो नवा आकडा लिहिला.

मित्रांनो, मी थकलो आहे. माझे जुने आकडे पुसले गेले तरी चालेल. मापून घेण्याची सवय तेवढी जपा. बटणावरचे बोट क्षणभर थांबो, पाहणाऱ्याला पुरेसे दिसो, आणि आत श्वास रोखून उभ्या असलेल्याला लवकर मोकळा श्वास लाभो.