अळणी

धाटावच्या कंपनीत दुपारच्या शिफ्टची माणसं बसमधून उतरत होती, तेव्हा प्रतिक्षाला सूक्ष्मदर्शकाखाली खडा दिसला. एकच. कडा लख्ख, टोक निमुळतं. तिने डोळा बाजूला घेतला, देवीचं नाव घेतलं, पुन्हा लावला. खडा जागच्या जागी होता.

ज्या थेंबात तो धरला होता, त्या थेंबात तिच्या भावाचं मरण होतं. अमोलला साधा ताप आला आणि उतरलाच नाही. पेशीच्या आत निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं. त्याचा एक छोटा भाग खोबणीसारखा असतो. निरोपाची खूण घेऊन दुसरं प्रथिन आलं की ही खोबण त्याला नेमकी धरते, आणि मग रोगाशी लढणाऱ्या पेशी कामाला लागतात. अमोलच्या खोबणीतली एक कडी बदललेली निघाली. खूण येत होती, धरायला कोणी नव्हतं. खोबण कुठे वाकली हे बघायचं, तर त्या भागाचा स्फटिक, म्हणजे खडा, व्हायला हवा. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की आतली मांडणी कळते. पण मोडका भाग काही केल्या स्फटिकात बसेना. तो बनवून देणाऱ्या मुंबईच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची प्रयोगशाळाही मिटली. ती नोकरी करायची त्या कंपनीच्या साहेबांनी मेहेरबानी म्हणून गार कपाटातला एक कप्पा तिला दिला होता. त्यातल्या या शेवटच्या ताटलीत तिने उरलंसुरलं सगळं प्रथिन घातलं होतं.

आणि पेणला, खाडीकाठच्या घरात, आईने मीठ सोडलं होतं.

"पोरीचा खडा पडत नाय तवर मीठ घेनार नाय," असं सीताबाईने देवीपुढे पाणी सोडून सांगितलं होतं. "माझ्या पोटातून त्याच्यात काय मोडकं गेलं, ते एकदा बघू दे मला." जन्म मिठागरात गेलेली बाई. भर उन्हात मीठ ओढायची आणि घरी येऊन अळणी भात गिळायची.

फोन वाजला. वडील होते, हिरामण.

"आये बांधावर पडली गो. रामवाडीच्या दवाखान्यात आणलीय. डॉक्टर बोलतो रक्तातलं मीठ उतरलंय. बडबडते काय बी."

"सलाईन लावलं ना?"

"लावलेलं. ती शेजारची शकू बोलून गेली, सलाईन म्हंजे मिठाचंच पानी. झालं! हिनं सुई उपसून टाकली. बोलते, तोंडानं घेतलं काय नि हातानं घेतलं काय, मीठ ते मीठ."

"बाबा, धरा तिला."

"नर्सबाईला चावली! तू सांग ना, खडा पडला म्हनून. कोन येतंय तुझ्या ताटलीत बघायला?"

सांगता आलं असतं. खडा तर समोरच होता. पण अशा थेंबात कधी कधी प्रथिन तसंच राहतं आणि द्रावणातलं मीठच गोठून बसतं. वरून बघून दोन्ही सारखेच. क्ष-किरणांवर तपासायला मुंबईला पाठवायचं तर तिथे रांग होती, आणि आईकडे तेवढा वेळ नव्हता. दुसरा उपाय सुईचा. प्रथिनाचा खडा मऊ असतो, टोचला की भुसभुशीत होतो. मिठाचा कडक तुटतो. कसाही असो, टोचला की तो एकुलता एक खडा गेला.

आईने देवीपुढे पाणी सोडलेलं असताना, खडा न तपासता 'पडला' म्हणायची तिची छाती नव्हती. तिने बारीक सुई उचलली. कोपर टेबलावर दाबून धरलं.

कट्.

आवाज कानाला आलाच नसेल, पण बोटांना आला. लहानपणी मिठागरात अनवाणी पायांखाली हेच लागायचं. दोन कडक तुकडे थेंबाच्या काठाला जाऊन पडले. बाकी थेंब रिकामा होता.

पेणला जाताना नागोठण्यावरून वडखळपर्यंत ती स्कूटीवर एकच वाक्य घोकत होती. पडला गो आये, खडा पडला. वडखळच्या वाहनांच्या गर्दीत ते तिने मोठ्याने म्हणूनही बघितलं. कोणी वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात सीताबाईचे ओठ पांढरे पडले होते. तिने लेकीला ओळखायला वेळ घेतला.

"पडला?"

हिरामणने मागून डोळ्याने खुणावलं. व्हय म्हण.

"पडला होता," प्रतिक्षा म्हणाली. "मीठ निघालं, आये."

हिरामणने कपाळावर हात मारला. सीताबाई मात्र हसली, अर्ध्याच तोंडाने. "मिठागरवाल्याची पोर तू. दुसरं काय पिकवनार?" आणि सलाईनची नळी घेऊन आलेल्या नर्सला तिने हाताने लांब सारलं.

शकू दाराशी रडत उभी होती. प्रतिक्षा तिच्याकडे वळली. "काकी, तुझ्या बाळंतपणात तुझे सोमवारचे उपास सासूने उचललेले ना?"

"व्हय गो. घरच्या मानसानं उचललं तर चालतं. मोडत नाय."

"मग आयेचं व्रत मी उचलते."

"नको," सीताबाई पुटपुटली. "तू कवळी हाय."

"तू पाणी सोड. नायतर मी पण आजपासून काही खात नाय."

शकूने तांब्या आणला. सीताबाईचा हात प्रतिक्षानेच धरून वळवला आणि आईच्या ओंजळीतलं पाणी आपल्या ओंजळीत घेतलं. बरंचसं चादरीवर सांडलं. मग नर्सने सुई लावली आणि सीताबाईने ती लावू दिली.

नळीतून थेंब पडायला लागले. सीताबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"दुसरी ताटली हाय ना गो?"

"हाय."

"त्यात पडंल?"

"पडेल, आये. तू नीज."

सीताबाईने डोळे मिटले. शकूने घरून पेज आणली होती, सोबत वाटीत लोणचं. प्रतिक्षाने लोणच्याची वाटी वडिलांकडे सरकवली आणि अळणी पेजेचा पहिला घोट घेतला. तिने तो तोंडात तसाच धरून ठेवला आणि मग गिळला.