कुंकवाचा डाग

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका, मी रिकामा आहे. कागदावरच्या काळ्या वर्तुळाला भोकं पाडणं, एवढीच माझी आजवरची मर्दुमकी.

माझा जन्म व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी, उल्हासरावांच्या गराजमध्ये झाला. उल्हासराव मूळचे नागपूरचे, इंजिनिअर. २००२ साली रिटायर झाले आणि रिकामा वेळ त्यांना खायला उठला. मग त्यांनी दुकानात रीतसर कागदपत्रं भरून माझी फ्रेम, म्हणजे मुठीसकट सांगाडा, आणली. नळी एका गावाहून पार्सलने आली, नळीवरचं सरकतं पोलादी कवच, म्हणजे स्लाइड, दुसऱ्या गावाहून, चाप तिसऱ्या गावाहून. सगळा माल उत्तम, पण एकही भाग दुसऱ्यात सरळ बसेना. उंची माल असाच असतो. तो मुद्दाम किंचित जाड ठेवतात, बसवणाऱ्याने कानशीने घासून नेमका बसवावा म्हणून.

उल्हासरावांना हेच हवं होतं. कानस दोनदा फिरवायची, पुसायचं, बसवून बघायचं, चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा बघायचं. इतक्या मायेने मला कुणी हाताळेल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्या पत्नीला, प्रतिमाताईंना, मात्र मी डोळ्यांसमोर नको होतो.

"अहो, नातवंडं येतात घरी. टाइमपास म्हणून करताय तर करा, पण पूर्ण झालं की विकायचं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," उल्हासराव म्हणाले, आणि तिथेच त्यांच्या हाताचा वेग मंदावला.

तीन वर्षं गेली. नेमबाजीच्या रेंजवर नेऊन माझी चाचणीही झाली. त्यांचे मित्र मोहनराव स्लाइड मागेपुढे करून म्हणाले, "यार उल्हास, लोण्यासारखी चालतेय. आता काय राहिलं?"

"फिनिशिंग," उल्हासराव म्हणाले. खरं तर काही राहिलं नव्हतं. फक्त निळा-काळा रंग चढवायला कारागिराकडे पाठवायचं होतं. पण रंग चढला की मी पूर्ण, आणि पूर्ण झालो की परका. म्हणून ते माझं पोलाद तसंच उघडं, लखलखीत ठेवून रोज तेलाचा हात फिरवत बसायचे. मीही गप्प राहायचो. मला तरी कुठे जायचं होतं?

मग २००५ ची खंडेनवमी आली. प्रतिमाताई म्हणजे डिशवॉशरलाही कुंकू लावणारी बाई. शिलाई मशीन, मिक्सर, दोन्ही गाड्या झाल्या आणि ताट घेऊन त्या गराजमध्ये आल्या. उल्हासरावांनी कानशी, ड्रिल, व्हाइस मांडून ठेवले होते. मला त्यांनी पूजेसाठी तेल पुसून बाहेर काढलं होतं, पण धीर न होऊन कोपऱ्यात सरकवलं होतं.

ताई माझ्यासमोर थांबल्या.

"तीन वर्षं हात झिजवलेत तुम्ही ह्याच्यावर," त्या म्हणाल्या. "ह्याला कसं वगळू?" आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी माझ्या स्लाइडवर टेकवलं.

उल्हासरावांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. उघड्या पोलादावर पाणी म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण पूजेला मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यातून ते बोट प्रतिमाताईंचं. हात तसाच मागे आला.

दसऱ्याच्या संध्याकाळी कुंकू पुसलं, तर खाली तांबूस डाग. गंजाने पोलाद खाल्लं होतं. ताईंचा चेहरा उतरला.

"तुम्हाला माहीत होतं ना? मग पुसलं का नाही?"

"तू लावलं होतंस."

ताईंनी पदराने डाग पुसून पाहिला, तो जाईना.

"डागी वस्तू कोण विकत घेणार?" त्या शेवटी म्हणाल्या. "राहू दे घरातच. पण स्टीलचं कपाट आणा, आणि किल्ली माझ्याकडे."

आता पूर्ण व्हायला हरकत नव्हती, मी एकदाचा रंगाला गेलो. कारागिराने फोन करून विचारलं, डाग घासून काढू का? उल्हासरावांनी घाईघाईने नाही म्हणून सांगितलं.

आज २००८ साल आहे. उल्हासरावांचे हात आता थरथरतात, रेंज सुटली. पण खंडेनवमीला ताई कपाट उघडतात, त्याच जागी कोरडं कुंकू लावतात, आणि दसरा झाला की स्वतः तेलाचा हात फिरवतात.

उद्या मी कुणाच्या हाती जाईन, माहीत नाही. जो कोणी असेल त्याला एवढंच सांगणं आहे. चाप बदल, नळी बदल, रंग नवा दे. तो डाग मात्र घासू नकोस. त्या डागामुळेच मला घर मिळालं.