टेबलाखालचा डाव

जुन्या सोफ्यांना नवं रूप देणाऱ्या तिला सगळी गल्ली ‘सोफावाली’ म्हणायची. मोडकी खुर्ची तिच्या हाताखालून गेली की नव्या नवरीसारखी सजून बाहेर पडे. पण या देहात आपण एकट्या राहत नाही, हे तिला तिशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ज्या काकांकडे ती वाढली, तिथे मार खाणं आणि खोलीत कोंडलं जाणं रोजचंच. एकट्या पोरीला ते पेलवेना, म्हणून मनानेच त्याच्या वाटण्या केल्या. एक वाटा गेला तिच्याच आतल्या छोटीकडे. ती अजून सात वर्षांचीच होती. दुसरा हवालदारबाईंकडे. त्यांचं काम पहारा देणं आणि समोरच्याला फैलावर घेणं.

पूर्वी या दोघी पुढे आल्या की सोफावालीचे तासच्या तास गायब व्हायचे. उपचारांनी आता डोक्यात बरीच शिस्त आली होती. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. राहायला आलेल्या सासूबाईंना त्याने सांगितलं, तेव्हा त्या नुसतं “बरं” म्हणाल्या आणि चहा ढवळत राहिल्या. त्या ‘बरं’ने सुनेच्या जिवाला घोर लागला.

एका दुपारी ती दुकानात कापड बेतत होती, सासूबाई जवळच बटणं निवडत बसल्या होत्या, आणि शेजारचं शटर धाडकन कोसळलं.

ती भानावर आली ती थेट टेबलाखाली. शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, सासूबाई. मध्ये सोफ्याच्या बटणांचा ढीग.

“आलीस का गं? जपून, डोकं आपटेल.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आई, कोण होतं?”

“छोटी. रडत इथे शिरली, म्हणून मीही शिरले. मग ती दुसरी आली. म्हणाली, पोरीला हात लावलात तर याद राखा. मी म्हटलं, बाई, मला माशी मारणं जमत नाही, तुझ्या पोरीला काय मारणार? तेव्हा कुठे तिने छोटीला परत पाठवलं. मग खेळलो. कुठल्या मुठीत बटण, ते ओळखायचं.”

“तुम्हाला त्रास झाला असेल.”

“झाला तर. पोरगी हरायलाच तयार नाही.”

“लबाडी करत होती ती,” सोफावाली बोलून गेली. “बटण मुठीत नव्हतंच. बाहीत सरकवलं होतं.”

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. छोटीचं काहीही आजवर तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं, आणि आता चक्क आठवत होतं: मनगटाला लागलेलं गार बटण, सासूबाईंचं लटकं रागावणं, पोटातून उसळलेलं हसू. मधली भिंत हळूहळू पातळ होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. तिने बाही झटकली. बटण टुणकन जमिनीवर पडलं.

“मला वाटलंच,” सासूबाई म्हणाल्या. “सांग तिला, उद्यापासून बाह्या दुमडून बसायचं.”

“ऐकतेय ती,” सोफावाली म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात नवरा आला. वाकून बघतो तर बायको आणि आई दोघी टेबलाखाली.

“काय चाललंय?”

“आधी मला बाहेर काढ,” आई म्हणाली. “गुडघे धरलेत. बसायचं सुचलं, उठायचं कसं ते कुणी बघितलं होतं?”