चढावरची चौदा नंबर

एकतीस वर्षं बस चालवून ड्रायव्हरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा डेपोतल्या मंडळींनी विचारलं, भेट काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ द्यायचं जवळपास ठरलंच होतं. बाई म्हणाल्या, "जन्मभर घड्याळाच्या तालावर नाचले. घरात आणखी एक नको. सायकल द्या."

मंडळी हसली, पण सायकल आली. निळी, सात गिअरची, पुढे टोपली. बाईंनी तिची तपासणी अगदी बससारखी केली. ब्रेक पाहिले, हवा पाहिली, दिवा लावून पाहिला, घंटा वाजवली. मग शाळा सुटल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा टांग मारली आणि आवारात दोन चकरा मारून आल्या. पडल्या नाहीत. आपण पडू असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सायकल मंडळींत त्या गेल्या त्या दाढेमुळे. दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंड उघडून पडल्या असताना डॉक्टर म्हणाले, "आम्ही दहा जण रविवारी सकाळी सायकलवर जातो. तुम्हीही या की." तोंडात दोन हत्यारं असताना माणूस नाही कसं म्हणणार? बाईंनी नुसते डोळे मिचकावले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

रविवारी साडेसहाला बागेच्या फाटकापाशी त्या हजर. सगळ्यांनी हसून जागा करून दिली. एक सुतार होता, ज्याची जीभ त्याच्या करवतीपेक्षा जास्त चालायची. आणि एक गणिताचे मास्तर होते. उंच, काटकुळे, अबोल. त्यांनी बाईंच्या गुडघ्यांकडे एक नजर टाकली, खिशातून पाना काढला आणि सीट दोन बोटं वर केली. "आता चालवून बघा," एवढंच म्हणाले. बाईंनी पायडल मारलं आणि आठवडाभर कुरकुरणारे गुडघे गप्प झाले.

बाईंची सवय मात्र बसचीच राहिली. वळण आलं की त्या इतक्या लांबून वळायच्या, जणू पाठीमागे चाळीस फुटांचा डबा लटकतोय. बसथांबा दिसला की पाय आपोआप मंदावायचे.

"बाई, चला हो!" सुतार मागून ओरडायचा. "कुणी चढणार नाहीये!"

"चढलं असतं तर तुझ्यापेक्षा बरं बोललं असतं," बाई न वळता म्हणायच्या. पहिल्या रविवारीच त्यांचं या लोकांत जमून गेलं.

एकच गोष्ट त्यांना खटकायची. दर वेळी तोच कालव्याकाठचा सपाट रस्ता. "टेकडीवरून का नाही जात?" त्यांनी विचारलं. "वर काय हवा असते! मला तो रस्ता पाठ आहे." डॉक्टर "बघू कधीतरी" म्हणाले आणि विषय बदलला.

तिसऱ्या रविवारी कालव्याकाठच्या दुकानात सगळे चहा घेत बसले होते. सुताराला रंग चढला होता. तो बसची नक्कल करत होता, गाल फुगवून, कोपरं बाहेर काढून.

"बाकीच्या बस परवडल्या. पण ती टेकडीवरची चौदा नंबर! मागून भोंगा असा द्यायची की पोटातलं पाणी हलायचं. बाई, तुमच्याच डेपोची ना ती? विचारा की कोण होता तो महाभाग. आमच्या मास्तरांना खड्ड्यात घातलं त्याने."

"जाऊ दे रे," मास्तर म्हणाले.

"का जाऊ दे? दोन वर्षं झाली, दगडफोडीच्या कारखान्यापाशी, ऐन चढावर. भोंग्याने दचकले आणि गेले बाजूच्या खड्ड्यात. अंगठा मोडला! तेव्हापासून तो रस्ताच सोडलाय आम्ही."

मास्तरांनी उजवा अंगठा टेबलाखाली घेतला. बाईंनी तेवढ्यात तो पाहिला. थोडा वाकडा होता. आणि त्यांना तो चढ आठवला, हिरवी टोपी आठवली, आरशात लहान होत गेलेली एक उंच आकृती आठवली. गप्प बसायची सवय त्यांना नव्हती.

"चौदा नंबरवर मीच होते," त्या म्हणाल्या. "शेवटची नऊ वर्षं. सकाळची पाळी."

सुताराचा कप ओठांपाशीच थांबला. मास्तर चहात बघत राहिले. शेवटी डॉक्टरच मदतीला धावले. "अहो, एवढ्या उंचावरून कडेचा माणूस दिसत तरी असेल का? बसला आंधळे कोपरे असतात म्हणे. असतात ना हो, बाई?"

सगळे आशेने बाईंकडे पाहू लागले.

"असतात," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी डेपोत या. दाखवते."

संध्याकाळी त्यांनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी. मशीनवर बसून आयुष्य गेलेलं, बोलणंही मापात. तो सुई ओवता ओवता म्हणाला, "'असतात' म्हणालीस, ते खोटं नाही. पण अंगाला बसतंय का तुझ्या?"

बसत नव्हतं.

पुढच्या रविवारी मंडळी डेपोत आली. मॅनेजरने बाईंच्या शब्दावर दुरुस्तीला उभी असलेली एक बस उघडून दिली. रिकाम्या आवारात तेलाचा वास, सांडलेल्या पाण्याची डबकी, आणि रांगेत झोपलेल्या गाड्या. बाईंनी सगळ्यांना आपापली सायकल घेऊन बसच्या पुढच्या कोपऱ्याशी उभं केलं आणि एकेकाला वर बोलावलं.

सुतार स्टिअरिंगमागे बसला आणि मान वाकवून खाली शोधू लागला. "अरे! हे सगळे गेले कुठे? आत्ता इथे होते!" खाली नऊ माणसं, नऊ सायकली, आणि आरशात फक्त डेपोची भिंत.

शेवटी मास्तर बसले. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, मग शांतपणे हात गुडघ्यांवर ठेवले. "आता कळलं," ते म्हणाले. "तुम्हाला मी दिसलोच नव्हतो. दोन वर्षं उगाच राग धरून बसलो." आणि त्यांनी हात पुढे केला.

खाली उभे असलेले सगळे हे ऐकत होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बाईंनी तो हात घेतला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्या दारातल्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

"हात नंतर द्या, मास्तर. आधी ऐका. चढावर तुम्ही बराच वेळ माझ्या समोर होतात. हिरवी टोपी होती. तुम्ही बाजूला व्हावं म्हणून मीच भोंगा दिला, मुद्दाम मोठा. मग आरशात तुम्हाला पडताना पाहिलं. तुम्ही उठलात, कपडे झटकलेत. म्हटलं, उभा आहे माणूस, म्हणजे ठीक आहे. आणि गाडी पुढे काढली."

"का?"

"उशीर झाला होता."

"किती?"

"सहा मिनिटं."

मास्तरांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "तीन महिने फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं मी," ते म्हणाले. "आकडे असे लोळायचे की मुलं हसायची. मला वाटायचं, ड्रायव्हरला कळलंच नसेल. तेवढ्यावर भागवलं होतं."

"चुकलं माझं. त्या दिवशी थांबायला हवं होतं. आणि गेल्या रविवारीच हे सांगायला हवं होतं."

मास्तर उतरले, सायकल घेतली आणि कुणाशी न बोलता फाटकाबाहेर गेले.

"कशाला सांगितलंत, बाई?" डॉक्टर हळहळले. "मिटत आलं होतं."

"मास्तर माफ करत होते ते भलत्याच बाईला, डॉक्टर. मला नाही."

त्यानंतरच्या रविवारी बाई सहाला उठल्या. नवऱ्याने विचारलं, "आज जाणार?"

"मग? सायकल काय कपडे वाळत घालायला घेतलीय?"

मास्तर आले नव्हते. बाकीचे बोलत होते, पण जपून, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. सुताराने बसथांब्यापाशी एकही विनोद केला नाही, याचं बाईंना सगळ्यात वाईट वाटलं. मास्तर नेहमी सर्वांत मागे असायचे, कुणी मागे पडू नये म्हणून. ती जागा रिकामी होती. बाई तिथे गेल्या.

पुलाशेजारी एक मालाचा ट्रक त्यांना घासून गेला. घासून म्हणजे चांगलं हातभर अंतर असेल. बाईंनी असं अंतर हजारदा ठेवलं होतं आणि भरपूर ठेवलं असं समजल्या होत्या. पण ट्रकची हवा अंगावर आली आणि तिने त्यांना, त्यांच्यासारख्या भारदस्त बाईला, कडेच्या गवतात ढकललं. पाय टेकून त्या उभ्या राहिल्या. वर बसून ही हवा एकतीस वर्षांत कधी कळली नव्हती. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, मनातल्या मनात मास्तरांची पुन्हा एकदा क्षमा मागितली, आणि जोर लावून बाकीच्यांना गाठलं. पुढच्या रविवारीही यायचं, हे त्यांचं पक्कं होतं. हाकलून दिलं तर गोष्ट वेगळी, आणि हाकलायचं असेल तर तोंडावर सांगावं.

पुढच्या रविवारी फाटकापाशी सगळ्यांच्या आधी मास्तर उभे होते.

"टेकडीवर जाऊ म्हणत होतात ना तुम्ही?" त्यांनी बाईंना विचारलं.

डॉक्टर चपापले. "मास्तर, तसं काही नाही, आपला कालवा बरा आहे..."

"दोन वर्षं माझ्यापायी दहा माणसं एकाच सपाट रस्त्यावर फिरतायत. पुरे झालं." मग बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे राहा. मागून काय येतंय ते तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल."

"राग गेला?" बाईंनी सरळ विचारलं.

"अर्धाअधिक गेला. उरलेला चढावर जातो का बघू."

"जाईल. त्या चढावर सगळंच जातं. माझी क्लचप्लेट दोनदा गेली होती." आणि सुतार इतक्या मोठ्याने हसला की बागेतले पक्षी उडाले.

चढ सुरू झाला तसे सगळे गप्प झाले. मास्तर पुढे, बाई त्यांच्या मागे, हातभर बाहेरच्या बाजूला, रस्त्याची जागा राखून; बाकीचे दम खात बरेच मागे राहिले. दगडफोडीचा कारखाना दिसू लागला. खड्डा तिथेच होता, आता गवताने भरलेला. तेवढ्यात बाईंच्या कानांवर दूरवरून एक घरघर आली. ओळखीची. खालच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकलेली.

"चौदा नंबर येतेय, मास्तर."

मास्तरांचं हँडल डळमळलं.

"खड्ड्याकडे बघू नका. वर बघा. नजर जाईल तिकडे चाक जातं. बस माझ्यामागे आहे आणि ती माझ्यामागेच राहणार आहे."

त्यांनी एक हात बाजूला काढला, पंजा खाली, थांब म्हणणारा. बस जवळ आली. आवाज पाठीवर दाटला, इंजिनाची धग पोटऱ्यांना लागली. भोंगा मात्र वाजला नाही. गाडी पाऊलपाऊल त्यांच्यामागे चढत राहिली. कारखान्यापुढे रस्ता रुंद झाला, तेव्हा बाईंनी मागे नीट पाहून घेतलं, मास्तरांना कडेला घेतलं आणि हाताने बसला वाट दिली.

स्टिअरिंगवर बाईंच्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. तिने भलंमोठं अंतर ठेवून गाडी काढली आणि खिडकीतून ओरडली, "ताई, तुमची पाठ बघूनच ओळखलं! इतकं हळू कधीपासून?"

"तू रस्त्याकडे बघ ग!" बाई ओरडल्या.

माथ्यावर पोचले तेव्हा मास्तरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते सायकलवर ओणवे होऊन धापा टाकत होते. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मास्तरांनी ती घेतली, अर्धी संपवली, मग मागे वळून अख्खा चढ एकदा नीट पाहिला.

"एवढासाच आहे की," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात केवढा वाढला होता!"

"मी कधी मोजलाच नाही. पायाखाली इंजिन होतं ना," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले. मग बाटली परत देताना त्यांनी हात पुढे केला. या वेळी बाईंनी तो घेतला, जपून, अंगठा न दाबता.

"दाबा हो," मास्तर म्हणाले, "जुळलाय तो."

खाली उताराचा रस्ता शेतांकडे जात होता, मोकळा, सकाळच्या उन्हात. डॉक्टर वर पोचत होते, सुतार अजून खालच्या वळणावर देवाचा धावा करत होता. सगळे आल्यावर, श्वास खाली बसल्यावर, मास्तरांनी बाईंना पुढे व्हायची खूण केली.

"उतारावर तुम्ही पुढे. तुमच्या वजनाची गाडी मागून आली तर माझं काही खरं नाही."

बाईंनी ब्रेक दाबून पाहिले, पदर खोचला आणि सायकल सोडली. मागून दहा जणांच्या आरोळ्या आणि दहा घंटा वाजत आल्या.